जोड

वडील, शालिक मिस्तरी, शिसं वितळवायचे
अंगणात, तीन विटांच्या चुलीवर, लोखंडी पळीत.
वर राखाडी साय धरायची. ती बाजूला सारली
की खाली आरसा.
"वाकून पाहू नको," म्हणायचे.
मी पाहायचोच.

बिडाच्या पाइपाच्या तोंडात ताग ठासून
त्यावर ते ओतायचे, मग छिन्नीनं गोल गोल ठोकायचे.
त्यांचा जोड कधी पाझरला नाही.
भुसावळच्या आमच्या गल्लीत अजून सांगतात हे,
कुणाच्या गळ्याबद्दल सांगावं तसं.

मोठ्या लाइनीपासून आमच्या मोरीपर्यंत
वळण अवघड होतं.
तिथं त्यांनी हातभर शिशाचीच नळी वळवली,
गुडघ्यावर धरून, कणकेसारखी.
उरल्या तुकड्यांच्या गोळ्या केल्या,
जाळ्याला बांधल्या, आणि तापीवर गेले.

एकोणचाळीस वर्षं झाली त्याला.

लेक बाळंतपणाला आली होती.
नसीर तडवी तेजलला बघायला आला.
शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायचा,
आता प्रयोगशाळेत पाणी तपासतो.
पेला तोंडाशी नेताना थांबला.
"लाइन कुणी टाकली?"
मी छाती काढून सांगितलं.
दुसऱ्या दिवशी तो रिकामी बाटली घेऊन आला.

कागदावर: शून्य, टिंब, शून्य, चार.
शेजारी, चालतं किती ते: शून्य, टिंब, शून्य, एक.
"एवढंसंच की," मी म्हटलं.
नसीर पाळण्याकडे बघत राहिला.
"हाडाला वाटतं चुना आला. जागा देतं बिचारं."

वास नाही, रंग नाही.
फडक्यातून गाळलं तरी येतं.
तुरटी फिरवली तर गाळ बसतो, हे नाही.
उकळलं तर पाणी आटतं,
ते तेवढंच.
वरच्या दुधाचं पाणी मी दोन महिने
जरा जास्तच उकळत होतो,
काळजीनं.

नळ आमच्याकडे आठव्या दिवशी.
आठ दिवस पाणी त्या नळीत मुकाट पडून,
आणि वैशाखात इथं साध्या तोटीलाही चटका बसतो.
ऊन पाण्यात शिसं लवकर उतरतं, नसीर म्हणाला.
नळी बदला. तोवर पिण्याचं माझ्याकडून न्या.
आणि नळ आला की पहिलं पाणी सोडून द्या.

सोडून द्या!
जिथं एका घागरीवरून
दोन घरं वर्षभर बोलत नाहीत, तिथं.

शनिवारी पहाटे साडेतीनला तोटी खोकली.
आधी हवा, मग तांबूस, मग धार.
मी बादली लावली. दुसरी लावली.
तिसरी.
हंडा कोरडाच.
बेबाबाई जिन्यातून ओरडल्या,
"काबर वाया घाली ऱ्हायना रे भाऊ पानी?"
वाया नाही, म्हटलं. ही लादीला, ही संडासाला,
ही सदाफुलीला. पुदिन्याला नाही.
देवाचा तांब्या आधी भरायची रीत आहे आमच्यात.
त्याचंच तीर्थ मग सगळ्यांच्या तळहातावर.
तो मी त्या दिवशी नसीरच्या डब्यातून भरला.

वडिलांना कुणी सांगितलं नव्हतं.
ते खाटेवरून बादल्या मोजत होते.
उजाडल्यावर काठी घेऊन उठले,
उंबऱ्यापासून पाच वीत मोजले, एक्याऐंशीच्या थरथरत्या हातानं,
काठी रोवली.
"आठे खन."

तिथंच होती.

भंगारवाल्यानं किलोचा भाव सांगितला.
वडिलांनी नळी मांडीवर घेतली, नखानं खरवडली,
खाली तोच आरसा.
जाळ्याला ठेवू का, विचारलं,
तर म्हणाले, "नदीमा बी नको."
मग माझ्या लेकीला, "पोरीले लांब धर,"
आणि मला, "हात धुई टाक."

नवा पाइप बसला. नसीरची दुसरी बाटली गेली आहे,
कागद अजून यायचाय.
तेजलचं पाणी तोवर त्याच्याच घरून, स्टीलच्या डब्यात,
माझ्या सायकलच्या कॅरिअरवर.

रात्री अंधारात वडिलांचा आवाज आला.
"जोड पाझरना नव्हता ना?"

नाही, बापू, म्हटलं.
बाहेर एक थेंब नाही.